कामरेजच्या घरी माणूस हवं

लिंबायत, सुरत
१६ जून १९९६

ती. काशिनाथदादा यांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही कामरेजला स्वतःचे कापडाचे लूम टाकले तेव्हापासून भेटी कमी झाल्या. पूर्वी आपण दोघं शेजारी-शेजारी मशीनवर उभे राहायचो, मी अजून तिथंच आहे. शेठ बदलला, मशीनचा आवाज तोच. आता मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, त्यामुळे सुभद्राचं बोलणं अर्धंच कानी पडतं. तेवढाच आराम.

पत्राचं कारण असं, की आमच्या सुषमाचा नर्सिंगला नंबर लागला. प्लेगच्या वर्षी सारी गल्ली गावी पळाली, तेव्हापासून पोरीनं हेच डोक्यात घेतलं आहे. फी मला झेपणारी नाही. शेठला विचारलं, तर दिवाळीनंतर ये म्हणाला. समाजाच्या मंडळात गेलो, तर तिथं फक्त मुलांना मदत देतात, मुलींचं अजून ठरायचं आहे. पंधरा जुलैच्या आत प्रवेश घेतला नाही तर जागा दुसरीला जाईल. लोकांच्या दारात उभं राहून थकलो, दादा. तुमच्यानंतर आणखी कुणाला लिहायचं बळ नाही.

मंगलावहिनींची तब्येत कळवा. त्यांना नमस्कार सांगा. आमच्यावर नजर असू द्या.

आपला,
दगा


कामरेज
२५ जून १९९६

प्रिय दगा यास,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुझं एका कानावर भागतं, मला मात्र दोन्ही कानांनी ऐकावं लागतं, म्हणून माझ्यापेक्षा तू सुखी.

मंगलाचं डावं अंग दिवाळीत गेलं ते गेलंच. बाया ठेवून पाहिल्या, एकही टिकली नाही. परक्या हातानं अंघोळ घालून घ्यायची तिला लाज वाटते. सारखं उठवावं लागू नये म्हणून ती पाणीच पीत नाही. पोरगा आणि मी आळीपाळीनं उचलतो. कारखाना आपला चालतो आहे तसा चालतो आहे.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं तेव्हाच हे मनात आलं. सुषमा आमच्या धर्मेंद्रला दे. हुंडा नको, लग्नाचा खर्च आमचा. ती इथून येऊन-जाऊन शिकेल. मात्र पुढे नोकरी करायची नाही, शिकलेलं घरातच कामी येईल. होकार आला की दुसऱ्या दिवशी फी भरतो.

नुसती मदत मात्र मागू नकोस. मागणारे रोज दाराशी येतात, देऊन देऊन माझं मन आटलं आहे. असं लिहिणं शोभत नाही हे मला कळतं, पण मी फार दमलो रे. मला घरात आपलं माणूस हवं.

सुभद्राला विचारून लवकर कळव. गैरसमज नसावा, ही इच्छा.

तुझा,
काशिनाथ


लिंबायत, सुरत
३ जुलै १९९६

ती. काशिनाथदादा यांना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र सुषमाला वाचून दाखवलं. शिकायला मिळत असेल तर लग्न करीन, म्हणाली. मुलगा कसा आहे एवढंही तिनं विचारलं नाही. ते माझ्या मनाला फार लागलं. धर्मेंद्र गुणी आहे, असं स्थळ आमच्या दारी पुन्हा चालून येणार नाही. तरी होकार देत नाही. रागावू नका.

सुभद्रानं तुमचं पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी आपण पाणीसुद्धा पीत नाही. मुलगी तुमच्याकडे दिली, तर वहिनींना उभ्या उभ्या भेटून परतावं लागेल. दिली नाही, तर तुमच्या घरी राहता येईल. म्हणून सुषमाऐवजी ती स्वतः येते आहे. सुषमाचं शिक्षण संपेपर्यंत राहील. तुम्ही फी भरा, आणि सुषमाला पुढे नोकरी करू द्या. सुषमाच्या वेळी सुभद्राचं बाळंतपण वहिनींनीच केलं होतं. न्हाऊ-माखू घालताना दोघींनी एकमेकींची लाज धरली नव्हती, आताही धरणार नाहीत.

मी तिला अडवून पाहिलं. माझ्या भाकरीचं काय, म्हणून विचारलं, तर पोरीला अभ्यास करू दे म्हणत तिनं नाक्यावरची खानावळ दाखवली. मला हसू आलं. नंतर मात्र दोघांनाही रडू आवरलं नाही.

रविवारी सकाळच्या एसटीनं ती निघेल. कारखान्यातल्या पाळीमुळे मला येता येणार नाही. धर्मेंद्रला स्टँडवर पाठवा, तिला गुजराती पाट्या वाचता येत नाहीत.

आणि दादा, तिला जेवायला आग्रह करून वाढा. भूक असली तरी ती मागणार नाही. आमच्या घरात मागायचं काम आजवर मीच केलं.

हे वाचून माया कमी होऊ देऊ नका.

आपला,
दगा