एक लाट, तीही उभ्याने

तीर्थस्वरूप नोहेआताईस,

मोलोकाई बेटावरून धाकट्या मकानाचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही धडधाकट आहोत. तुझी कंबर, भावोजींचा खोकला आणि तुमची ती होनोलुलूची गर्दी, सगळं आपापल्या जागी असेलच.

तू बजावलंस की हौनानी आत्याला पुढच्या शनिवारच्या विमानात बसव, चौऱ्याहत्तराव्या वर्षी असले गुडघे घेऊन तिनं समुद्राकाठी एकटीनं राहायला नको. अगं, बसवायला ती काय बाहुली आहे? तिनं अट घातली, "एक लाट. फळीवर, उभ्याने. मग नोहेआकडे येते, कायमची." (आत्याचा शब्द तुला ठाऊक आहे. ती बढाईखोर किती, तेही. 'गुडघ्यावर लाट घेतात ती पोरं आणि पाहुणे,' हे आपण पाळण्यापासून ऐकतोय.)

लाटही कुठली, तर पश्चिम टोकाची, जिथे रस्ता नाही, नळ नाही, सावली म्हणशील तर स्वतःचीच. आजोबांची नीरफणसाची फळी डोक्यावर घेऊन मी काट्यांतून दोन तास चाललो आणि ही मागून ओरडतेय, "फळीला काटा लावू नकोस!" (माझ्या पायात चार होते.) पोचलो, तर समुद्र ताटात ओतलेल्या पेजेसारखा निवांत. तिथेच पाल ठोकलं.

पाच दिवस तेच. शेवटी आत्या म्हणाली, "मर्यादवेल तोड." लहानपणी त्या वेलीचं नुसतं फूल तोडलं तरी लाटा उसळतील म्हणून हिनंच आपले कान पिरगळले होते ना! आता मी वेलीचा जुडगा घेऊन गुडघाभर पाण्यात "ऊठ बाबा, ऊठ" करत समुद्राला झोडपतोय, आणि ही काठावर सुका मासा चघळत म्हणते, "हात आहेत की शेवया?" झोडपताना माझ्या मनात तुझा शनिवारच होता, खोटं कशाला बोलू.

सहाव्या सकाळी उठले ना डोंगर! तिथली वाळू रोज सरकते आणि लाट रोज नव्या जागी फुटते. मला तर सगळीकडे नुसता फेस दिसत होता. आत्यानं घटकाभर पाहिलं, खाली वाळू कुठे साचलीय ते ओळखलं आणि फळीवर पालथी पडून हात मारत नेमकी तिथे जाऊन थांबली. तीन लाटा सोडल्या. चौथीवर उठली. सरळ उभी, ताई! पांढरे केस मोकळे, हात मोकळे, आणि थेट काठापर्यंत आली. मी भोकाड पसरलं. असं काही मी जन्मात पाहिलेलं नाही.

काठावर म्हणाली, "चल, शब्द म्हणजे शब्द." घरी येऊन पेटी भरली. फळीला तेल लावून ती भिंतीला टेकवली. तेव्हापासून बढाई नाही, शिवी नाही, काही नाही. घर खायला उठतं.

तुझा,
मकाना

ता. क. ताई, पाया पडतो, उलट टपाली लिही की तुझ्याकडे जागा नाही. छप्पर गळतं म्हण, भावोजी घोरतात म्हण, काहीही म्हण.

ता. क. दुसरा, आत्याच्या हातचा. नोहेआ, हा गाढव पत्र टेबलावर उघडं टाकून जेवायला अळकुड्यांची पोई आणायला गेलाय. पोरगं रडत होतं, त्याला काय दिसणार? मी उभी नव्हते, गुडघ्यावर होते. ती लाट मोजायची नाही. भरलेली पेटी परत रिकामी केली आहे. उभ्याने मिळाली की येते.