आईच्या जागेचे आकडे

११ मार्च १९९६
नवा हुकूम. साहेब म्हणाले, विमानातून काढलेले सगळे जुने फोटो आता एकाच ठरलेल्या प्रकारच्या फायलीत सेव्ह करायचे. चित्र, आणि ते जमिनीवर नेमकं कुठं बसतं त्याचे आकडे, दोन्ही एकाच फायलीत. आत्तापर्यंत आकड्यांची छोटी फाईल वेगळी असायची. आठवड्यात होईल.

१४ मार्च
नाही होणार. भिगवणच्या खालच्या फोटोचे आकडे नाहीत. फेब्रुवारीत डिस्क भरली तेव्हा चिल्लर फायली पुसल्या, त्यात ही गेली. माझ्याच हातानं. आणि फोटो कुठला, तर आमच्या बुडालेल्या गावाचा, धरणाआधीचा. विहीर, चिंच, चिंचेखाली आईची माती. मी तेव्हा दुसरीत होते.

१७ मार्च
कळसला वडिलांकडं, आबांकडं. गाव उठल्यावर इथंच जमीन मिळाली. फोटोचा प्रिंट दाखवला. आबांनी चष्मा न लावता चिंचेवर बोट ठेवलं. "हितं हाय तुजी आई." मग खोकला, थांबेचना. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलंय, पुढच्या उन्हाळ्याचा भरवसा धरू नका.
आमच्यात जाळत नाहीत, पुरतात, आणि जागेवर दगड मांडतात. आईचा मांडायचा राहिला, आधी पाणी आलं. आबांचं एकच, "औंदा पाणी लई उतरनार हाय. एकदा तितं ने."

२ एप्रिल
साहेबांना फायलीचं सांगितलं. ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "फोटोतली एक तरी जागा जमिनीवर ओळखा. उपग्रहाचं यंत्र न्या, तिथले आकडे आणा. त्यावर फोटो बसवू."

१२ मे
गेलो. भिगवणच्या एका मासेवाल्यानं होडीतून सोडलं. पुढं नुसता भेगाळलेला गाळ. विहीर नाही, चिंचेचं खोड नाही, काहीच नाही. आबा काठी टेकत तासभर फिरले, मग थांबले.
"आबा, नक्की हितंच?"
"व्हय. पाय वळखत्यात, पोरी."
दगड मांडला. हळदकुंकू, नारळ, हिरवा खण. आबा रडले. आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मी ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी पाठ वळवून यंत्र काढलं, आकडे टिपले. लाज वाटली. परतताना आबांना एवढंच सांगितलं, दगडाच्या जागेचा आकडा घेतलाय, पुन्हा सापडेल.

१५ मे
आबांच्या दगडावर फोटो बसवला. शेजारच्या फोटोतला रस्ता या फोटोतल्याशी जुळत नाही. यंत्राची चूक असेल म्हणून सोडून दिलं. सेव्ह. साहेब खूश.

८ जुलै
काखेत कळसा. टेबलाच्या खालच्या खणात माझीच वही. पहिल्यांदा फोटो बसवला तेव्हाचे चारही कोपऱ्यांचे आकडे, माझ्याच अक्षरात. घालून पाहिले. रस्ता शेजारच्या रस्त्याला बरोबर जाऊन मिळाला.
चिंच दगडापासून पाऊण किलोमीटर. ओढ्याच्या पलीकडं. यंत्र शंभर मीटर चुकतं, ते धरलं तरी. तीनदा केलं. आबांनी दगड कुणाच्या तरी रानात मांडलाय.
रस्ता जुळत नव्हता तेव्हाच पुन्हा नेलं असतं तर? पाणी होतं उतरलेलं. मी डोळेझाक केली.

१० जुलै
इथं थेंब नाही, पण वरच्या धरणांतून पाणी सोडलंय. मासेवाला म्हणाला, गाळ झाकला. दगडही गेला, चिंचेची जागाही.
फाईल खऱ्या आकड्यांवर परत सेव्ह केली. करावंच लागणार होतं. साहेबांना म्हटलं, किरकोळ दुरुस्ती. घरी येऊन जेवले नाही.

२१ जुलै
कळस. आबा अंथरुणाला खिळलेत. पण चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. सांगायचं ठरवून गेले होते.
"त्या दगडाचा आकडा जपून ठिवलास न्हवं?"
"व्हय, आबा."
"मला हितंच माळावर ठिवा. पाणी उतरलं की माज्यावरची मूठभर माती तितं न्या. तिच्याशेजारी. दुसरं काय मागनं न्हाय."
थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, ठेवलाय का. ठेवलाय म्हटलं.
या वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही आहेत. वर दगडाचे आकडे, खाली चिंचेचे. माती मूठभरच असेल.