लाल ठिपक्याचं नाणं

तळेगाव दाभाडे,
सोमवार

प्रिय दादा,

तुला आणि वहिनीला अनिताचा मानाचा जय भीम. तुझा गुडघा आता कसा आहे? भाताची कापणी उरकली का? पत्र बघून दचकू नकोस, इकडे कुणाला काही झालेलं नाही. तू फोन उचलत नाहीस, मेसेज वाचून निळ्या खुणा तेवढ्या पाठवतोस, म्हणून शेवटी कागद हातात घेतला. टाकव्यापर्यंत पोस्टमन येतो, आणि त्याला तुला कट करता येणार नाही.

तुझा राग मला ठाऊक आहे. उन्हाळ्यात तू आमच्या प्रेरणासाठी पोस्टात नोकरी करणाऱ्या अमृतचं स्थळ आणलंस. "पोरगं लय गुणाचं हाय, डोळं झाकून हो म्हना," म्हणालास. पण आमच्या ह्यांना डोळे झाकायची सवयच नाही, त्याला मी काय करू? तीस वर्षं कारखान्याच्या तपासणी खात्यात काढली आहेत. माल आला की आधी त्यातली खोट शोधायची, सापडली की लाल रंगाचा ठिपका द्यायचा आणि तो नग बाजूला टाकायचा. घरीसुद्धा तेच. (माझ्या उडदाच्या पापडांमधून यांनी एकदा अकरा पापड "गोल नाहीत" म्हणून वेगळे काढले. तेच सगळ्यात आधी संपले, आणि संपवले यांनीच.) अमृत बोलताना एखाद्या शब्दावर अडतो, एवढं यांनी हेरलं आणि त्याच्या बायोडेटावर लाल शाईचा ठिपका दिला. मला तर वाटलं होतं, मुलगा अडतो तेवढ्या वेळात विचार करतो. आपल्या घराण्यात ही सोय कुणालाच नाही. प्रेरणा त्या दिवशी नुसती भांडी घासत बसली. आणि भांडी आधीच घासलेली होती, दादा.

तर आता नाण्याची हकीकत. निवृत्तीच्या समारंभात खात्यातल्या लोकांनी यांना टांकसाळीतून मागवलेला नाण्यांचा संच दिला. निळ्या मखमलीची पेटी, आत एक रुपयापासून वीसपर्यंत कोरी करकरीत नाणी, प्रत्येकाला आपापली खाच. दुसरा कुणी असता तर पेटी शोकेसमध्ये ठेवून मोकळा झाला असता. हे भिंग घेऊन बसले. (निवृत्त झाल्यापासून तपासायला काही मिळालं नव्हतं रे. मला तर बरंच वाटलं, निदान फ्रिजच्या दाराचं रबर यांच्या तपासणीतून सुटलं.) तिसऱ्या दिवशी पुढ्यातलं जेवणाचं ताट सोडून स्वयंपाकघरात आले, आणि एवढा आनंद मी यांच्या तोंडावर प्रेरणा झाली तेव्हाच पाहिला होता. म्हणाले, "सापडली!"

पाचाच्या नाण्यात खोट निघाली होती. तुझ्या खिशातलं कुठलंही नाणं घे, वरखाली दोन बोटांत धर, आणि दाराचं पान फिरवावं तसं फिरव. पुढचे सिंह सरळ, तर मागचा आकडाही सरळच दिसतो. ह्यांच्या नाण्यात सिंह उभे आणि मागची कणसं नि आकडा डोक्यावर! आता शहाण्या माणसाने काय करावं? कुणाला तरी विचारावं. यांनी माळ्यावरून लाल रंगाची डबी काढली, काडीच्या टोकाने नाण्यावर टपोरा ठिपका दिला, आणि टांकसाळीला तक्रार लिहायला बसले. "सदर नग सदोष असून बदलून मिळावा, तसेच संपूर्ण लॉट परत तपासावा." मी म्हटलं, अहो, बक्षिसाच्या वस्तूची तक्रार करतात का? तर म्हणाले, आज नाणं उलटं आलं, उद्या काय येईल?

पार्सल करायचं ठरलं. तळेगावचं पोस्ट आमच्या घरापासून पायी जाण्यासारखं. पण प्रेरणा म्हणाली, बाबा, लोणावळ्याच्या पोस्टात गर्दी नसते, आपण तिकडे जाऊ. शनिवारी! शनिवारी लोणावळ्यात पाय ठेवायला जागा नसते, हे तान्ह्या पोरालाही माहीत आहे. मी तोंड उघडणार होते, तोवर हे चपला घालून उभे. बाप-लेक पुण्याकडून आलेल्या लोकलने गेले.

पुढचं मला प्रेरणाने सांगितलं. खिडकीपाशी कारकुनाने मान वर केली, तर अमृत! यांचा चेहरा कसा झाला असेल ते तूच बघ मनातल्या मनात. पण मुलगा शांत. आत काय आहे म्हणून विचारलं, नाणं म्हटल्यावर पार्सल उघडायला लावलं, आणि बघून उठूनच उभा राहिला. त्याला नाणी जमवायचा नाद आहे. खणातून भिंग काढलं (ह्यांच्यापेक्षा चांगलं, ते यांनी स्वतः कबूल केलं), कड बघितली, छोट्या काट्यावर तोललं. मग सांगितलं, अडत अडत, पण नीट सांगितलं. नाणं दोन ठशांच्या मध्ये दाबून घडतं. त्यातला एक ठसा सैल होऊन फिरला असणार. नंतर कुणी ठोकून, घासून केलेली ही खोडी नाही, जन्माची चूक आहे. अशी चूक तपासणीतून सहसा सुटत नाही, म्हणून एखादं सुटलं की जमवणारे लोक त्याच्यासाठी जीव टाकतात. संचातल्या बाकीच्या सगळ्या नाण्यांपेक्षा हे एकटं मोलाचं. फक्त, काका, हा लाल ठिपका कुणी दिला?

यांनी लगेच खिशातून सॅनिटायझरची बाटली काढली, रुमालावर ओतली, आता नाणं घासणार, तेवढ्यात त्या मुलाने खिडकीतून हात घालून यांचं मनगट धरलं आणि म्हणाला, "थांबा!" एका दमात, कुठेही न अडता. घासलेल्या नाण्याला कुणी विचारत नाही, ठिपका आहे तसा राहू द्या, म्हणाला. आणि दादा, ह्यांचं मनगट धरून यांना थांबवणारा माणूस मी लग्नाला एवढी वर्षं झाली तरी पाहिला नव्हता. मागे रांगेतले लोक ओरडत होते ते वेगळंच. (गर्दी नसते म्हणे!)

नाणं परत आलं. पेटी शोकेसमध्ये आहे.  काल पापड वाढले तर वाकडा होता तोच उचलून यांनी खोट न काढता खाल्ला.

वहिनीला सांग, कुळथाची डाळ पोचली. गुडघ्याला शेक दे.

तुझी,
अनिता

ता. क. — अमृतचं दुसरीकडे कुठे जमलं तर नाही ना, तेवढं गुपचूप विचार. यांना कळू देऊ नकोस. पोरीचा जीव तिथे अडकला आहे रे, आणि मला ते बघवत नाही. राग सोड आणि ये.

ता. क. २ — प्रेरणाच्या फोनमध्ये त्या नाण्याचा फोटो आहे, लाल ठिपका पडायच्या आधीचा. कुणाला पाठवलाय ते मी विचारलं नाही. हे पत्र पोस्टात टाकायला मी यांच्याच हाती देत आहे, चिकटवून.

ता. क. ३ — भिमाजीदादा, सप्रेम जय भीम. पाकीट नीट चिकटलेले नव्हते, म्हणून उघडून तपासले. मजकुरात एक चूक आहे : पापड अकरा नव्हते, नऊ होते. तसेच अनिताचा समज आहे की लोणावळ्याला मी अजाणता गेलो. मुलाच्या बायोडेटात नोकरीचे ठिकाण स्पष्ट लिहिलेले आहे, आणि मी कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचतो. नाण्यावरचा ठिपका त्याच्या सांगण्यावरून तसाच ठेवला आहे. बायोडेटावरचा मात्र खोडरबराने काढायला गेलो, तर कागदाला भोक पडले. तरी नवी प्रत घेऊन रविवारी यावे. मुलाला सोबत आणावे. — संदेश