डाव्या बाजूचा नळ

२४ ऑक्टो., शुक्र. फहाहील, कुवेत.

या वहीचे साध्य एकच आहे आणि ते आरंभीच मांडते. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी, कोणाच्या मदतीवाचून आणि कोणाच्या आठवणीवर विसंबून न राहता, एक जबाबदारी सलग चार महिने पार पाडू शकते. सबब मिरजेच्या फ्लॅटमध्ये एकटी राहण्यास मी पात्र आहे.

प्रतिपक्ष: चिरंजीव निरंजन (पुढे नि.). त्याचा आधार असा, की जूनमध्ये दूध गॅसवर ठेवून मी भाजीला गेले आणि शेजाऱ्यांना कुलूप तोडावे लागले. एका उदाहरणावरून नियम काढता येत नाही, हे मी कॉलेजात छत्तीस वर्षे शिकवले. नि. म्हणाला, "मग आई, दुसऱ्या उदाहरणाची वाट बघू का?"

अट ठरली. वस्तीच्या सामायिक बागेतला एक तुकडा फेब्रुवारीअखेरपर्यंत मी एकटीने सांभाळायचा. सांभाळला, तर मार्चमध्ये माझा अकामा (इथला राहण्याचा परवाना) वाढवायचा नाही, मिरजेचे तिकीट काढायचे. न सांभाळला, तर फ्लॅट विकण्याच्या कागदांवर मी मुकाट सही करायची. मुग्धा (सून, इथल्या इस्पितळात लॅबमध्ये आहे) म्हणाली, "आई, बागकाम म्हणजे परीक्षा नाही हो." आहे.

दिवसाचा विसर रोज शेवटी मोजून लिहीन. वि. = विसर. आज वि. ०.

२६ ऑक्टो., रवि.

तुकडा क्र. १७. घरापासून चालत अकरा मिनिटे. चार मीटर बाय तीन. पूर्वी कधी कुंडीदेखील लावलेली नाही, हे प्रतिपक्षाला सांगितलेले नाही.

आवाराला भिंत, भिंतीलगत खजुरी. मधोमध सिमेंटचा खांब आणि त्याच्या दोन बाजूंना एकेक नळ. एकाचे पाणी गोडे. दुसऱ्याचे मचूळ, ते खजुरींना आणि वाटा धुवायला. रंगाच्या खुणा कधीच्या उडाल्या आहेत.

व्यवस्था उम्म खालिद पाहतात. निवृत्त शिक्षिका, विषय गणित. मी तर्कशास्त्र शिकवत असे हे ऐकून म्हणाल्या, "म्हणजे मुली माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त घाबरत असणार." बाई आवडल्या.

राखणदार मन्नान. बांगलादेशी, साठीला आलेला, दाढीला मेंदी. मला खालाम्मा, म्हणजे मावशी, म्हणतो. गोडा नळ कोणता, असे विचारले तर उत्तर देण्याऐवजी त्याने ओंजळ भरली, पाणी तोंडात घोळवले आणि थुंकला. "चख के लेना, खालाम्मा. इधर मैं भी रोज चखता."

रोज? नळ काय रोज जागा बदलतात? शिवाय उघड्या नळाचे पाणी मी तोंडात घेणार नाही. निरीक्षण करून नियम लिहून घेतला: मुख्य फाटकातून आत आल्यावर खांबाच्या डाव्या बाजूचा नळ गोडा. वहीच्या पुठ्ठ्यावर आतून थोडक्यात लिहिले: डावा = गोडा.

त्याला बजावले, माझ्या तुकड्याला कोणी हात लावायचा नाही, पाणीसुद्धा घालायचे नाही. "क्यों, खालाम्मा?" "शर्त है." "किसके साथ?" "बेटे के साथ." बराच वेळ हसला. "फिर तो जीतना पड़ेगा." वि. ०.

३ नोव्हें., सोम.

मेथी, कोथिंबीर, मुळा पेरले. ओळी दोरीने आखल्या. बी किती खोल जावे याबद्दल मन्नान आणि पाकिटावरचा मजकूर यांत मतभेद. पाकिटाचे ऐकले.

निघताना गॅस बंद केला होता का, या शंकेने अर्ध्या वाटेवरून परतले. बंद होता. हा विसर नव्हे, संशय. वेगळ्या सदरात. वि. ०.

१४ नोव्हें., शुक्र.

मेथी उगवली. मुळा दाट झालाय. नात ईरा पाहायला आली होती. "आजी, इट्स जस्ट ग्रास." मी म्हटले, मराठीत बोल. "आजी, हे गवत आहे." भाषा सुधारली, निष्कर्ष नाही.

शुक्रवारी गर्दी फार, प्रत्येकाला सल्ला द्यायचा असतो. पुढे शुक्रवारी गर्दी नसेल तेव्हाच येईन. वि. १ (चष्म्याची पेटी, मुग्धाला सापडली, तिने टेबलावर ठेवली. बोलली असती तर बरे.)

३० नोव्हें., रवि.

पहिली मेथी. दोन जुड्या होतील एवढी. परतून केली. नि. दुसऱ्यांदा घेताना म्हणाला, "जरा कडू आहे." मी म्हटले, मेथी आहे. तो हसला. तीन महिने उरले. वि. ०.

१४ डिसें., रवि.

मुख्य फाटकासमोरचा रस्ता पाइपांसाठी खणला आहे. फाटक बंद, चिठ्ठी लावलीय. आता मशिदीकडच्या मागच्या दाराने आत जायचे. तिथेही सकाळी खोदयंत्र उभे असते, म्हणून आजपासून दुपारी साडेतीन. मन्नान तेव्हा नसतो. दुपारची त्याची पाळी एका शाळेच्या आवारात असते. हरकत नाही. नियम पुठ्ठ्यावर आहे.

मेथी काढली तिथे पुन्हा पेरली. वि. ०.

२६ डिसें., शुक्र.

कोथिंबिरीच्या पानांच्या कडा करपल्या आहेत. थंडी? थंडी सगळ्यांनाच आहे, क्र. १६ व १८ हिरवेगार. मेथी दोन पानांवर अडली. पाणी वाढवले. रोज चार झाऱ्या.

नि.ने विचारले, "बाग काय म्हणते?" "ठीक." ठीक हा शब्द मी विद्यार्थिनींच्या उत्तरपत्रिकांत कधी चालवून घेतला नव्हता.

वि. ०. असे वाटते. विसरलेले मोजायचे, तर ते आठवावे लागते. ही अडचण ऑक्टोबरमध्ये लक्षात यायला हवी होती.

३० डिसें., मंगळ.

मातीवर पांढरा थर. पिठासारखा. फक्त १७ वर.

४ जाने., रवि.

दुपारपर्यंत धीर धरवला नाही. खोदयंत्राला वळसा घालून सकाळी साडेसातलाच गेले. माझी माती ओली. काल दुपारची ओल नव्हे, ताजी. मन्नान पाइप गुंडाळत झोपडीकडे चालला होता.

"मेरे में पानी डाला?"

"नहीं, खालाम्मा."

माझ्याकडे न बघता. बुटांवर माझ्या वाफ्याची माती.

६ जाने., मंगळ.

उम्म खालिदना पत्र लिहिले, इंग्रजीत, न्यायशास्त्रातल्या अनुमानासारखे रीतसर पाच अवयवांचे. प्रतिज्ञा: क्र. १७ ला राखणदार मचूळ पाणी घालतो. हेतू: जमीन सकाळी ओली असते आणि सकाळी तो एकटाच असतो. उदाहरण: मचूळ पाण्याच्या खजुरींच्या आळ्यांवरही हाच पांढरा थर आहे. उपनय, निगमन यथाक्रम. जोड: तो खोटे बोलला. पत्रात एक शब्द जास्त नाही.

नि.ला वाचायला दिले. वाचून म्हणाला, "आई, हे नक्की ना? माणसाची नोकरी असते." मी म्हटले, दोष दाखव. "दोष नाही दिसत. मला तुझ्या पत्रांत कधीच दिसत नाही." हे त्याने ज्या स्वरात म्हटले तो स्वर कानांतून जात नाही. वि. ०.

११ जाने., रवि.

उम्म खालिदनी पत्र मन्नानला नेमणाऱ्या कंपनीला दाखवले. मन्नानला अम्गऱ्याला पाठवले, कंपनीच्या भंगाराच्या वखारीवर. तिथे राहायची खोली सात जणांत आहे, असे क्र. १८ च्या केरळी परिचारिकेने सांगितले. तिने माझ्याकडे पाहून सांगितले.

न्याय झाला. गोड वाटले नाही, पण वाटणे हा पुरावा नव्हे.

१६ जाने., शुक्र.

तो जाऊन पाच दिवस झाले. सकाळी जाऊन पाहिले. माती कोरडी, म्हणजे दुसरे कोणी पाणी घालत नाही. थर वाढला आहे. मुळ्याची पाने वाळली. कारण दूर झाले की कार्य थांबावे. थांबत नाही, उलट वेग आला आहे.

जुने मीठ वर येत असेल. असेल म्हणून सोडून दिले. वर्गात कोणी असे सोडले असते, तर तिला मी बसू दिले नसते.

रक्तदाब मुग्धाने मोजला, किती ते सांगितले नाही. "आई, नका ना जाऊ दोन दिवस." गेले. वि. ०.

१९ जाने., सोम.

घडले तसे लिहिते.

दुपारच्या गोळीची वेळ बागेतच झाली. थर्मास घरी राहिला होता. गोळी जिभेवर ठेवलेली, म्हणून भरलेली झारी तोंडाला लावली.

खारट.

गोळी थुंकली. दुसऱ्या बाजूच्या नळाखाली ओंजळ धरली. गोडे.

मग आतून चालत बंद मुख्य फाटकापाशी गेले, त्याला पाठ टेकून उभी राहिले आणि खांबाकडे पाहिले. गोडा नळ डाव्या हाताला, ऑक्टोबरमध्ये होता तिथेच. मागच्या दारातून येणाऱ्याला तो उजव्या हाताला पडतो. नळांनी जागा बदलली नव्हती. मी बदलली होती. पाच आठवडे, रोज, डाव्या बाजूचा नळ, आणि पाने करपू लागली तेव्हा चार झाऱ्या.

पूर्ण नियमात फाटकाचा उल्लेख आहे. पुठ्ठ्यावर नाही. ज्या अटीवर विधान खरे असते ती अट मनात ठेवून विधान तेवढे पुढे न्यायचे: या दोषाला उपाधी म्हणतात. दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात शिकवत असे.

वि. १, थर्मास. तो विसरला नसता, तर उद्याही डावाच नळ सोडला असता.

२० जाने., मंगळ.

उरलेला प्रश्न: सकाळी माती ओली का असे? उम्म खालिदकडून नंबर घेतला. कारण सांगितले नाही, त्यांनीही विचारले नाही. मन्नानला फोन केला. मागे लोखंड आपटल्याचा आवाज.

"खालाम्मा? तबीयत ठीक?"

मी सरळ विचारले.

"डाला था. सफेद दिखा, तो मीठा पानी मारा. रोज सुबह. नमक नीचे बैठ जाता है."

"झूठ क्यों बोला?"

"आप का शर्त था ना. बोलता, तो आप हार जाती." आणि पुढे, "मैं सोचा नमक जमीन से ऊपर आया. आप का मेथी बचा क्या?"

मी म्हटले, थोडे. खरे तर काहीच वाचले नाही.

म्हणजे ओली माती हा माझा मुख्य पुरावा होता, आणि ती ओल एवढाच त्या वाफ्याला आधार होता. शिवाय 'कोणाच्या मदतीवाचून' ही अटही तेव्हाच मोडलेली होती, मला न कळता.

२१ जाने., बुध.

शांतपणे मांडून पाहते. हे मला एकटीला ठाऊक आहे. मन्नानला पाणी घातल्याचे ठाऊक, नळाचे नाही. आजपासून गोडे पाणी घातले, वरची माती काढून बी पेरले, तर फेब्रुवारीअखेर मेथी उभी राहील. पैज जिंकेन. मिरजेच्या गॅलरीत सकाळचे ऊन येते तिथे माझी खुर्ची आहे.

सांगितले, तर नि. म्हणेल: दूध एक, नळ दोन. दुसरे उदाहरण.

आणि ते तसे आहे का? माझे म्हणणे, की हा विसर नव्हे, तर्कदोष. नियम मी विसरले नाही, उलट फार घट्ट धरला. पण दूध तापत असताना मला भाजीवाल्याची वेळ अचूक आठवत होती, हेही खरे आहे. आतून पाहता दोन्ही सारखेच दिसते. दोन्ही वेळी मला खात्री होती.

मुग्धाने विचारले, "आई, जेवला नाहीत?" जेवले होते असे वाटले. ताट स्वच्छ होते. वि. ?

२३ जाने., शुक्र.

सकाळी उम्म खालिदना दुसरे पत्र दिले. उभ्यानेच वाचले. म्हणाल्या, "गणितात आम्ही उत्तर खोडून नवे लिहितो. माणसाचे कसे करायचे?" कंपनीला लिहितील. त्याला परत पाठवतील की नाही, हे त्यांच्या हाती नाही. दुपारी नि.ला म्हटले, मला अम्गऱ्याला ने. "कशाला? स्क्रॅपयार्डात?" एका माणसाला भेटायचे आहे. "आज?" आज. त्याने किल्ली उचलली. कपडे बदलून येतो म्हणून आत गेला आहे.

ही वही टेबलावर उघडी ठेवून जाणार नाही. गाडीत त्याच्या हातात देईन, गाडी सुरू करण्याआधी. त्याने ती पहिल्या पानापासून वाचावी. आरंभीचे साध्य सिद्ध झाले, असे मी म्हणत नाही. खंडित झाले, असेही नाही. फेब्रुवारी अजून यायचा आहे, आणि क्र. १७ मध्ये काल नवे बी पडले आहे. निर्णय त्याने द्यावा. युक्तिवाद करणार नाही.

फक्त एवढे माझ्या हाताने:

दुसऱ्याच्या नावावर दोष लिहून देण्यापूर्वी मी पाणी चाखले नाही. रोज चाखायला मला सांगितलेले होते.

सुमती य. हळबे