खुब्यावरची न दिसणारी लव

चि. चिमणीस (पासष्टीची झालीस तरी मला चिमणीच), दादाचे अनेक आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. तुझी प्रकृती विचारत नाही, कारण उत्तर ठाऊक आहे आणि ते खोटं असतं.

फोनवर खुब्याच्या ऑपरेशनचा विषय निघाला की तू फोन आपटतेस, म्हणून हे पत्र. पत्राला मधेच तोडता येत नाही. (फाडता येतं, पण आधी चष्मा लावून वाचशीलच.) "परकी वस्तू अंगात नको, शरीर ती खपवून घेणार नाही," हा तुझा हेका. म्हटलं, ती वस्तू आपणच बघून यावी. म्हणून सोमवारी तुझ्या लेकीच्या प्रयोगशाळेत जाऊन थडकलो. तिने मला डगला, टोपी, हातमोजे असा साजशृंगार केला आणि बशीतले, खोट्या खुब्याच्याच धातूचे, नखाएवढे दोन चकचकीत तुकडे दाखवले. एक कोरा, दुसऱ्यावर तिने थर दिलेला. मला दोन्ही सारखेच! म्हणाली, "मामा, या थरात अतिबारीक धागे आहेत. मखमलीची लव कशी, बूड पक्कं, टोकं मोकळी. ओले झाले की ताठ उभे राहतात, मधे पाणी धरून ठेवतात. मग जंतूबिंतू आले तरी त्यांना टेकायला जागाच नाही."

आता मी पडलो रंगारी. भिंतीवर रंग बसावा म्हणून आम्ही जन्म घालवला, आणि ही पोरगी काही बसू नये म्हणून थर देते! पण सवय जाते कुठे? तिची पाठ वळताच हातमोजा काढला आणि थर वाळलाय का बघायला दोन्ही तुकड्यांवर अंगठा टेकवला.

काय किंचाळली गं! हुबेहूब तू. "मामा, महिन्याभराचं काम होतं ते!" मी कोपऱ्यातल्या स्टुलावर आरोपीसारखा. (सारखा कसला, आरोपीच.) तिने धुसफुसत दोन्ही तुकडे धुतले, सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि मलाही बघायला बोलावलं. कोऱ्यावर माझा अंगठा ठसठशीत, लव असलेल्यावर नावालाही नाही! मी छाती फुगवली, तर म्हणाली, "याला प्रयोग नाही, आगाऊपणा म्हणतात." पण चहा पाजला.

तेव्हा चिमणे, अंगात जाणाऱ्या वस्तूसाठी इतका जीव टाकणारी माणसं आहेत. हेका सोड.

तुझा
दादा

ता. क. तुझी लेक म्हणते, खरं काय ते लिही. हा थर अजून तपासणीतच आहे, तुला साधाच खुबा बसेल. म्हणजे वरचं काहीच तुला लागू नाही. डॉक्टर म्हणतात, साधाही छान चालतो.

आणखी एक ता. क. तू घरात बसल्यापासून संध्याकाळी मी एकटाच फिरायला जातो. वाद घालायला कुणी नसल्यामुळे लगेच परत येतो. डॉक्टरांनी तारीख शुक्रवारपर्यंतच धरून ठेवली आहे. हो म्हण गं.