आईच्या वाटणीचं समुद्रफूल

जकार्ता, ३ मे १९९४

ती. रोहायाताईस सलाम वि. वि.

आईला माझ्याकडे पाठवतेयस, बरं झालं. बाबा गेल्यापासून ती चार घास धड खात नाही, हे वाचून जीव तुटला. सून म्हणून एंदांग तिचं सगळं प्रेमानं करील.

एकच विनंती. माझ्या खाऱ्या पाण्याच्या काचेच्या टाकीत एक समुद्रफूल आहे. तीन वर्षं जिवापाड सांभाळलंय; नावाचं फूल, पण जिवंत प्राणीच तो. त्याच्या बोटांमध्ये केशरी माशांचं जोडपं नांदतं. एंदांग त्याला माझी दुसरी बायको म्हणते. ते बघायचं आहे, खायचं नाही, एवढं आईला समजावून पाठव. मी सांगितलं तर रागावेल.

लोभाला ओहोटी लागू देऊ नकोस.

तुझा मुरसालिन

पांगांग बेट, ११ मे

चि. मुरसालिनास अ. आ.

वा रे पठ्ठ्या! नारळाच्या दुधातलं समुद्रफूल ताटली चाटून खाणारा तू, आणि आता ते नुसतं बघणार? बेटावर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. आईला समजावलं. ती म्हणते, जेवण काचेत ठेवून बघत बसतो, पोराची तब्येत बरी आहे ना? तिच्या गाठोड्यात हळद, गवती चहा आणि तिची लाडकी सुरी आहे. पुढचं तू बघ.

पण खरंच काळजी वाटते रे. इथे ती बाबांच्या जागेकडे बघते आणि ताट सरकवते. तुझ्याकडेही जेवली नाही तर काय करायचं, मला सुचत नाही. दोन दिवसांत परत निघते म्हणेल, ऐकू नकोस.

एंदांगला आशीर्वाद. तुझ्या फुलाइतका नाही, तरी थोडा लोभ आमच्यावरही असू दे.

तुझी ताई

जकार्ता, २८ मे

ती. ताईस सलाम वि. वि.

घात झाला.

आई आली ती टाकीसमोर चटई टाकूनच बसली. मी काचेवर ‘हात लावू नये’ अशी चिठ्ठी डकवली. तिनं ती एंदांगकडून वाचून घेतली. जेवायची नाहीच. ताटातली कोळंबी हळूच फुलाला चारायची. फूल गरगरीत झालं, ती वाळत चालली. रोज परतीच्या बोटीची चौकशी.

काल शुक्रवारी मशिदीतून घरी येतो तर खडकावरचं फूल गायब. मासे कोपऱ्यात कावरेबावरे. आणि स्वयंपाकघरातून हळदीचा, नारळाचा वास. आई जेवत होती, ताई. दुसऱ्यांदा भात वाढून घेतला तिनं. ओरडलो असतो तर हातातला घास तसाच राहिला असता. तिनं माझ्यापुढे ताट केलं, मी मुकाट्यानं खाल्लं. डोळ्यांना धार लागलेली आणि चव अगदी लहानपणची. आई म्हणाली, मिरची जास्त झाली वाटतं.

टाकीकडे बघवत नाही. या दुःखात तरी हसू नकोस, एवढा लोभ कर.

तुझा मुरसालिन

पांगांग बेट, ६ जून

चि. मुरसालिनास अ. आ.

हसले. भातसुद्धा करपला.

अरे वेड्या, तू खाल्लीस ती फुलं मी पाठवली होती. बोटवाल्या सनूसीकाकांबरोबर आईनं निरोप धाडला, म्हणून सुक्या मासळीसोबत डबाभर दिली. तुझं फूल कोळंबी खाऊन सुस्तावलं आणि मोठ्या खडकामागे सरकलं. आईनं ते सकाळीच पाहिलं होतं. मग मुरसालिनला सांगितलं का नाहीस, असं काकांनी विचारलं, तर म्हणे, त्यानं मला विचारलं कुठे? आईसाठी काचेवर चिठ्ठ्या लावतो!

पण तू न ओरडता जेवलास. ते वाचताना मात्र मी हसले नाही.

लोभ आहे तो तसाच राहू दे. आधी खडक सरकव.

तुझी ताई

जकार्ता, १९ जून

ती. ताईस सलाम वि. वि.

खडक सरकवला. मागे एक नाही, दोन फुलं! आमच्या फुलानं आतल्या आत स्वतःचे दोन भाग करून घेतलेत. आईनं लगेच वाटणी केली. मोठं माझं, बघायला. धाकटं तिचं, गरगरीत झालं की कढईत. तोवर ती काही बेटावर येत नाही म्हणे. आता रोज पोटभर जेवते.

तुला म्हणून सांगतो, कुठे बोलू नकोस. आईच्या फुलाला मी अगदी चिमूटभर खाऊ घालतो. ते हळूहळूच वाढलेलं बरं.

काल दुपारी लवकर घरी आलो. आई टाकीसमोर बसून कोळंबी चारत होती. सगळी माझ्या फुलाला. स्वतःच्या फुलाकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. मी पावलं न वाजवता मागे फिरलो.

सनूसीकाकांना सांग, परतीच्या बोटीत आईची जागा धरू नका. बाकी लोभ असावा, आणि डबा पाठवत राहा.

तुझा मुरसालिन