बोटीचं तोंड घराकडे

थॉर्नबीचं तळं,
बुधवार, सकाळचा दुसरा चहा

प्रिय हेस्टरताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. पाण्यावरून करतोय, म्हणून जरासा हलतोय, तो तसाच गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? लग्नाच्या केकवरची साखर नीट बसली का? आणि मागच्या दारातली ती कुंडी (जिला मी रोज ठेचकाळतो) अजून तिथंच आहे का? मिस्टर लाइल यांना, म्हणजे कथबर्टना (आता सवय करायला हवी), आणि त्यांच्या समस्त मधमाश्यांना माझा सप्रेम नमस्कार. मी खुशाल आहे. नेडही खुशाल आहे, म्हणजे झोपलेला आहे. येत्या शनिवारी सकाळी अकरा वाजता तुझा हात धरून तुला चर्चमधून कथबर्टपर्यंत चालवत न्यायचं आहे, हे मी विसरलेलो नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा मजकूर वाचून तुला तशी शंका येण्याचा संभव आहे.

बावीस वर्षं आपण दोघं ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात हीच साठ फुटी बोट भाड्यानं घेतोय आणि बावीस वर्षं सुकाणू तुझ्या हातात असतं. मी कालव्याचे दरवाजे उघडतो, दोर बांधतो, चहा करतो आणि काठावरच्या गाईंची विचारपूस करतो. यंदा तू म्हणालीस, "विल्फ्रेड, लग्नघरात मधेमधे लुडबुडू नकोस. नेडला घे आणि आठवडाभर पाण्यावर जा." (नेड चाळीस वर्षं पोस्टमास्तर होता. ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांची पत्रं बिनचूक पोचवली, तो मलाही पोचवील, असं तुला वाटलं असणार. पण पत्र वळवावं लागत नाही, ताई.) निघताना तू कागदावर लिहून दिलंस: सोमवारी दुपारी हॅडलोच्या पबसमोर बोट वळवायची, तिथून माघारी, गुरुवारी संध्याकाळी घरी. "वळवायची" या शब्दाखाली दोन रेघा. तो कागद मी किटलीच्या मागे अडकवून ठेवला होता. आता त्यावर चहा सांडलाय, पण रेघा अजून दिसतात.

शनिवार-रविवार कसे गेले ते नीटसं सांगता येणार नाही, कारण ते गेले असं वाटलंच नाही. तुला ठाऊक आहे कसं होतं ते. सकाळी पाण्यावर धुकं असतं, बोट त्यातून जाते की धुकंच बोटीवरून जातं हे कळत नाही, आणि पुलाखालून जाताना आपलीच इंजिनाची ठकठक आपल्याला परत भेटायला येते. एक म्हातारी कुत्र्याला फिरवत आमच्या शेजारून चालली होती. तिनं आम्हाला मागे टाकलं. मग कुत्र्यानं एका झुडपाचा बारकाईनं अभ्यास केला, तेवढ्यात आम्ही तिला गाठलं, "नमस्कार, हवा छान आहे" झालं, आणि तिनं आम्हाला पुन्हा मागे टाकलं. असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी आम्ही जुने शेजारी असल्यासारखे एकमेकांना कंटाळलो. एक बगळा दर शंभर पावलांवर उडून पुढं जाऊन बसायचा आणि आम्ही आलो की वैतागून पुन्हा उडायचा. मागे उडावं हे त्याला सुचत नव्हतं. (त्याला हसण्याचा अधिकार मला उरलेला नाही, ते पुढं येईलच.) मी सुकाणूला टेकून उभा होतो. हळूहळू असं वाटायला लागलं की कालवा कुठं जातच नाही, गावंच एकेक करून आपल्याला बघायला येतात आणि जातात.

आणि मग सोमवार आला. सुट्टीचा सोमवार, त्यामुळे हॅडलोच्या पबबाहेरच्या बाकांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. समोर पाण्यात पबची अख्खी इमारत उलटी उभी होती, खिडक्या, धुराडं आणि दारावरच्या निशाणासकट. कालवा बोटीच्या लांबीपेक्षा अरुंद, म्हणून पलीकडच्या काठाला बोट वळवायला ठेवलेली ती तिकोनी खाच. तू दर वर्षी करतेस तसंच मी केलं. बोटीचं नाक खाचेत घातलं, सुकाणू पूर्ण दाबलं, आणि शेपटी हळूहळू पबच्या बाजूनं फिरायला लागली. नेड आत तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरत होता, म्हणून सगळी मदत काठावरून आली. टोपीवाले एक सद्गृहस्थ उभे राहून ओरडायला लागले, "डावीकडे दाबा! अहो, तुमच्या डावीकडे!" त्यांच्या बायकोनं त्यांना कोट धरून खाली बसवलं. "बसा हो. तुम्हाला आपली मोटार वळवता येत नाही." फिरता फिरता बोटीची शेपटी काठाला जराशी घासली, एक टेबल हललं आणि एका भल्या माणसाची बिअर त्याच्याच विजारीवर सांडली. तो ताडकन उठला आणि मला म्हणाला, "माफ करा हं. माझा ग्लास तुमच्या वाटेत होता." मी म्हटलं, "छे छे, बोटच तुमच्या वाटेत होती." तो म्हणाला, "तसं कसं, तसं कसं." हे आणखीही चाललं असतं, पण तेवढ्यात वारा सुटला.

ताई, काय वारा होता तो! (मी वाऱ्यावर खापर फोडणारा माणूस नाही, तू जाणतेस.) बोट अर्धी वळली होती, तोंड घराकडे झालं होतं, तिथंच थांबायला हवी होती. पण वाऱ्यानं तिला धरलं आणि पुढं फिरवलं, आणखी फिरवलं, आणि एक संपूर्ण चक्कर पुरी करून, आलो होतो तेव्हा होतं तिकडेच तोंड करून उभी केली. आणि मग पबभर टाळ्या! विणकाम करणाऱ्या एका बाई म्हणाल्या, "अगंबाई, किती सफाईनं गरकन फिरवलीत! मुद्दाम गोल फिरवायची होती ना?" आता तूच सांग, मी काय म्हणायला हवं होतं? एवढ्या लोकांनी हातातले ग्लास खाली ठेवून टाळ्या वाजवल्यावर "नाही हो, चुकलं, पुन्हा करतो" असं सांगायला मी काही परदेशी माणूस नव्हे. मी टोपी काढली, म्हटलं, "हो, दर वर्षी फिरवतो." "मग आता कुठं?" "आता पुढं." आणि पुढं गेलो. वळण येईपर्यंत लोक हात हलवत होते. मीही हलवत होतो. पूल ओलांडल्यावर नेड बाहेर आला, डोळे चोळत म्हणाला, "ही झाडं नवीन दिसतात." मी म्हटलं, "उलट्या बाजूनं बघतोयस ना, म्हणून." तो बरं म्हणून सॉसेज तळायला गेला.

पुढची खाच अकरा मैल आणि नऊ दरवाज्यांनंतर, मंगळवारी दुपारी. तिथं पाटी होती: पन्नास फुटांपर्यंतच्या बोटींसाठी. नेडला आता खरी गोष्ट सांगणं भाग पडलं. त्यानं फक्त दोरानं आपली बोट मोजली, साठ भरली, पुन्हा मोजली, पुन्हा साठच भरली. "दहा फूट जास्त आहे," तो म्हणाला, तेही पाकिटाला तिकीट कमी पडल्यावर म्हणायचा त्याच आवाजात. उलट्या गतीनं मागे जाऊन पाहिलं, तर बोट दोन्ही काठ सोडून तिसरीकडेच जायला बघत होती. तेव्हा आम्ही ठरवलं की कालवा जिथं संपतो तिथपर्यंत जावं. तिथं मोठं तळं आहे, तिथं काहीही वळतं. आणि आज सकाळी कालवा संपला.

इथं फार शांत आहे, ताई. विलोच्या फांद्या पाण्याला टेकल्यात, आणि माझ्या कपातल्या चहावरही ढग चाललेत. आता इथून पाण्यानं घरी यायला चार दिवस, म्हणजे आम्ही रविवारी पोचणार आणि तुझं लग्न शनिवारी. हे नेडनं तीनदा बोटांवर मोजून सांगितलं. मी रात्रभर पडल्या पडल्या विचार करत होतो. कथबर्ट चांगला माणूस आहे. त्याचं घर आपल्यापासून तीनच मैलांवर, म्हणजे आपल्या बोटीच्या चालीनं जेमतेम तासाचा रस्ता. बासष्टाव्या वर्षी माणसानं बहिणीचं लग्न होतंय म्हणून तोंड पाडून बसू नये, हे मला समजतं. तरी मला वाईट वाटतं. आई गेल्यापासून सकाळचा पहिला चहा मी तुझ्यासाठी करतो. रविवारपासून एक कप कमी करायचा, आणि तेवढंच मला काही जमेल असं वाटत नाही.

बाकी सर्व क्षेम. मी येईपर्यंत केकला हात लावू नकोस.

तुझा, आडनाव बदललंस तरी तुझाच,
विल्फ्रेड

ता. क. मूळ मुद्दा राहिलाच. शुक्रवारी सकाळी कथबर्टना त्यांची मधाची गाडी घेऊन थॉर्नबीच्या पुलाशी पाठव, मला न्यायला. माझे तपकिरी बूट पुसून ठेव. (आम्ही पाच दिवसांत कापलेलं अंतर रस्त्यानं तासाभराचं आहे. हे नेडला कुणी सांगू नये, तो खचेल.) नेड इथं बोटीवर थांबेल.

ता. क. दुसरा. लग्नानंतर कुठं जायचं ते तुमचं ठरत नव्हतं ना? बोटवाल्याला फोन करून मी बोट आणखी एक आठवडा ठेवून घेतली आहे, तुम्हा दोघांच्या नावानं. हीच माझी भेट. बोट अजून वळवलेली नाही. तळं एवढं आहे की आगबोटही वळेल, पण मी हात लावलेला नाही. शनिवारी दुपारी तू वळव. कथबर्टना चहा करायला शिकव, आणि गाईंची चौकशी करायलाही. मी आणि नेड काठावर उभे राहून टाळ्या वाजवू.

ता. क. तिसरा (अक्षर माझं. नेड). हेस्टर, पाकीट बंद करायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं, जुनी खोड. सोमवारी हॅडलोला वारा नव्हता. निशाण मरगळून लोंबत होतं. मी वर्तमानपत्राच्या फटीतून बघत होतो. कळवावं वाटलं. आपला, नेड टॉली.

ता. क. चौथा. म्हणजे तो घोरत नव्हता तर. आता लपवून काय करू? ताई, अर्धी चक्कर झाली तेव्हा बोटीचं तोंड अगदी सरळ घराकडे होतं, तुझ्या दोन रेघांसारखं सरळ. सुकाणू फक्त सोडायचं होतं. मी सोडलं नाही. शुक्रवारी गाडी जरा लवकरच पाठव.